सांडपाण्यातला पोलिओ: पीसीआर असताना पेशी कशाला वाढवायच्या?

प्रश्न रास्त आहे. कोविडच्या काळात सांडपाण्याचा पीसीआर लगेच यायचा, मग पोलिओच्या अहवालाला आठवडे का लागतात? सेल कल्चरच्या (प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याच्या) बाकावर बरीच वर्षं काढलीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपली तोंडावाटे द्यायची लस जिवंत विषाणूची. डोस घेतलेलं मूल तो काही आठवडे शौचावाटे बाहेर टाकतं. म्हणजे पल्स पोलिओच्या रविवारनंतर नाल्यात पोलिओव्हायरस आहे का, असं विचारलं तर उत्तर ‘आहे’ असंच येणार. तो सेबिन (लशीतला सौम्य केलेला विषाणू) आहे, लशीतून बदलत गेलेला आहे की वाइल्ड, म्हणजे निसर्गातला मूळ, हे शोधायचं असतं. सगळा खटाटोप त्यासाठी.

नमुना बर्फात येतो. त्यातलं अर्धा लिटर सेंट्रिफ्यूज करतात. खाली बसलेला गाळ फेकायचा नाही, विषाणू त्याला चिकटलेले असतात. वरच्या पाण्यात डेक्स्ट्रान आणि पीईजी 6000 ही दोन पॉलिमर आणि मीठ घालून ढवळतात आणि सेपरेटिंग फनेलमध्ये (खाली तोटी असलेल्या काचेच्या भांड्यात) 4 अंशांवर रात्रभर ठेवतात. सकाळी वर पीईजीचा मोठा थर, तळाशी डेक्स्ट्रानचा छोटासा आणि मधे सायीसारखा गढूळ पापुद्रा. विषाणू या पापुद्र्यात आणि तळात. तोटी थेंबाथेंबाने सोडून तेवढंच घ्यायचं. हात जरा सैल पडला की वरचा थर उतरतो आणि अर्ध्या लिटरचे दहाएक मिली करण्याची मेहनत पाण्यात. नंतर राखून ठेवलेला गाळ त्यात मिसळून क्लोरोफॉर्म द्यायचा. बॅक्टेरिया मरतात, पोलिओला चरबीचं आवरण नसल्यामुळे तो तगतो.

आता पेशी. एल-20-बी या मूळच्या उंदराच्या. उंदराच्या पेशीत पोलिओ शिरू शकत नाही, म्हणून त्यांच्यावर माणसाचा पोलिओ रिसेप्टर, म्हणजे विषाणू शिरायचं दार, बसवलाय. सांडपाण्यातले बाकीचे बहुतेक एंटरोव्हायरस (पोलिओच्याच कुळातले आतड्यातले विषाणू) दाराबाहेर राहतात. आरडी या माणसाच्या पेशी. त्यांत पोलिओ वाढतो आणि इतरही बरंच काही. एकाच नमुन्याचे चार-पाच फ्लास्क लावायचे, कारण एका फ्लास्कमध्ये जोमदार सेबिनने जागा अडवली तर त्यातलाच कमी संख्येतला दुसरा विषाणू दिसतच नाही. इतके फ्लास्क कशाला, हेच पीसीआरवाल्यांना पटवून द्यावं लागतं. विषाणू लागला की पेशी गोल होतात, चमकतात, तळ सोडून तरंगतात. पण दुसऱ्याच दिवशी सगळ्या मेल्या तर हुरळून जाऊ नका, बहुधा सांडपाण्यातलं एखादं रसायन भोवलेलं असतं. खात्रीसाठी एका पेशीतून दुसरीत पुन्हा वाढवायचं. इथेच दहाएक दिवस जातात.

पीसीआर येतो तो यानंतर, पोलिओच्या 1, 2, 3 यांपैकी टाइप कोणता आणि सेबिन आहे की नाही ते ठरवायला. मग विषाणूच्या जनुकातल्या व्हीपी-1 या सुमारे 900 अक्षरांच्या तुकड्याचं सिक्वेन्सिंग, म्हणजे ती अक्षरं क्रमाने वाचणं. मूळ सेबिनपेक्षा टाइप 1 किंवा 3 मध्ये 10 वा अधिक, टाइप 2 मध्ये 6 वा अधिक बदल दिसले तर तो ‘लसजन्य’, म्हणजे लशीतून बदलत गेलेला. हा तुकडा वर्षाला साधारण एक टक्का बदलतो, त्यामुळे विषाणू किती काळ फिरतोय याचाही अंदाज येतो.

मुंबईत ही तपासणी 2001 पासून, परळच्या एंटरोव्हायरस रिसर्च सेंटरने सुरू केलेली. वाइल्ड पोलिओ इथल्या सांडपाण्यात शेवटचा सापडला नोव्हेंबर 2010 मध्ये. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 चा, हावड्याचा. इस्रायलमध्ये 2013 साली वाइल्ड टाइप 1 सांडपाण्यात महिनोन्‌महिने सापडत राहिला आणि लकवा एकालाही नाही. तिथे सुरुवातीला फक्त इंजेक्शनची (मृत विषाणूची) लस होती, त्यामुळे तेव्हा सेबिनची गर्दीही नव्हती.

पेशी न वाढवता नमुन्यावर थेट नॅनोपोर सिक्वेन्सिंग (जनुकीय अक्षरं झटपट वाचायचं तंत्र) करण्याच्या पद्धती आता आल्यात. वेळ वाचतो, शिवाय जिवंत विषाणू लॅबमध्ये वाढवावा लागत नाही. टाइप 2 आता आपल्या तोंडी लशीतही नाही, त्याच्या बाबतीत तर ही मोठीच सोय. शौचाच्या नमुन्यात त्या छान चालतात. सांडपाण्यात विषाणू विरळ असतो, तिथे माझा भरवसा अजून फनेल आणि फ्लास्कवरच जास्त.

‘सांडपाण्यात पोलिओ सापडला’ अशी बातमी आली की घाबरायचं का, हेही विचारलंय. आधी टाइप बघा. आपल्या तोंडी लशीतून टाइप 2 एप्रिल 2016 मध्ये काढलाय, त्यामुळे तो दिसला तर चौकशी झालीच पाहिजे. टाइप 1 किंवा 3 असेल तर व्हीपी-1 मधल्या बदलांचा आकडा दिलाय का ते शोधा. तो नसेल तर ती बातमी अर्धवट आहे.