तुमचे प्रश्न: ‘तुम्ही गाणी म्हणा, मुलं खूश राहतील’

प्रश्न: ताई, स. न. वि. वि. मी बरीच वर्षं गाणं शिकवलं आणि नुकतंच संगीतोपचाराचं रीतसर प्रशिक्षण पूर्ण केलं. एका खासगी केंद्रात स्पीच थेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं स्वतःची स्वतः करायला शिकवणारे), फिजिओथेरपिस्ट आणि मानसशास्त्रज्ञ एकत्र काम करतात. पुढच्या महिन्यात मी तिथे रुजू होते आहे. केंद्राच्या डॉक्टर म्हणाल्या, ‘तुम्ही गाणी म्हणा, मुलं खूश राहतील.’ बाकीचे प्रेमाने बोलतात, पण मी नेमकं काय करणार हे त्यांना उमगलेलं नाही. सुरुवात कशी करू? वाद्यं कोणती घेऊ? पालकांना काय सांगू?
— एक वाचक

उत्तर: डॉक्टरांचं ते वाक्य रुजू होण्याआधीच निकालात काढा. भांडून नको, एका प्रश्नाने काढा: ‘तुमच्याकडे असा कोणता रुग्ण आहे, ज्याची गाडी अडली आहे आणि कुठे अडली आहे?’ मुलांना खूश ठेवायला तुमच्या प्रशिक्षणाची गरज नव्हती. एकदा करमणुकीच्या खात्यात नाव पडलं, की वाढदिवसाला कीबोर्ड वाजवायलाही तुम्हालाच बोलावतील.

संगीतोपचारावर भाषण देऊन सहकाऱ्यांना काही कळणार नाही. सुरुवातीचे दिवस त्यांच्या खोल्यांत कोपऱ्यात बसून काढा, परवानगी घेऊन अर्थातच. स्पीच थेरपिस्ट कशासाठी थांबते, फिजिओ रुग्णाच्या पायांकडे पाहत काय मोजतो, ते बघा. त्यांची उद्दिष्टं हीच तुमची उद्दिष्टं. वाट तेवढी सुरांची.

पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या माणसाचं घ्या. बोलायला शब्द सापडत नाही, पण ओळखीचं गाणं मात्र अख्खं म्हणतो. घरच्यांना वाटतं, वाचा परत आली. तशी ती आलेली नसते. पाठ असलेलं गाणं म्हणणं वेगळं आणि हवं ते वाक्य जुळवणं वेगळं. 1973 साली अमेरिकेत अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म यांनी ‘मेलॉडिक इंटोनेशन थेरपी’ मांडली, ती गाण्यासाठी नव्हतीच. ‘पाणी हवं’ एवढंच घ्यायचं. बोलताना आवाज जसा चढतो-उतरतो तसेच दोन सूर धरायचे, लय अगदी संथ ठेवायची आणि प्रत्येक अक्षराला रुग्णाच्या डाव्या हाताने टेबलावर ठोका द्यायचा. आधी तुम्ही म्हणा, मग दोघं मिळून, मग मधेच तुम्ही हळूच म्हणायचं थांबा. त्यानंतर सूर काढून घ्यायला लागायचं, ‘पाणी हवं’ साध्या बोलण्यात उरेपर्यंत. गायिकेला हे जड जातं. सूर छान लागलेला असतो आणि नेमका तोच सोडून द्यायचा असतो! हे काम स्पीच थेरपिस्टच्या शेजारी बसूनच करा. कोणतं वाक्य घ्यायचं आणि रुग्ण कोणत्या पायरीवर आहे, हे तिला तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

फिजिओशी गट्टी लवकर जमेल, कारण त्याला आकडे आवडतात. पार्किन्सन्समुळे (कंपवातामुळे) किंवा पक्षाघातानंतर चाल बिघडलेल्या रुग्णाची मिनिटाला किती पावलं पडतात ते आधी मोजायचं, मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक वेगाने टकटक ठोके देणारं यंत्र, त्याच वेगाला लावायचा, चाल जुळली की वेग पाच ते दहा टक्के वाढवायचा. आपल्याला आवडणाऱ्या लयीपासून सुरुवात करू नका, रुग्णाच्या लयीपासून करा. आणि फिजिओ खोलीत नसेल तर हा प्रयोगच नको. तोल गेला तर धरायचं कसं, हे त्याला येतं.

स्वमग्न मुलांच्या पालकांशी बोलताना जीभ जपून वापरा. 2017 साली नऊ देशांतल्या 364 मुलांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच महिने उत्स्फूर्त वादन-गायनाचे उपचार घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांमध्ये लक्षणांच्या तीव्रतेत लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणून ‘ऑटिझम कमी होईल’ हे शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. ‘आळीपाळीने वाजवणं, समोरच्याची वाट पाहणं यावर काम करू आणि ठरलेल्या तारखेला सगळे मिळून बघू,’ एवढं म्हणा. अमुक आजारावर अमुक सूर असा तक्ता मागणारे भेटतीलच. त्यांना हसून नाही म्हणा. ‘मग गाणं शिकेल ना?’ हा प्रश्नही येईल, तुम्हाला तर हमखास. शिकवणी वेगळी, उपचार वेगळे. एकाच मुलाला दोन्ही देऊ नका.

आता ज्यावर तुमचं तिथलं स्थान खरोखर ठरेल ती गोष्ट: फाइलमधली नोंद. ‘मूल रमलं, सेशन छान झालं’ असं लिहिलंत तर ती फाइल दुसऱ्यांदा कोणी उघडणार नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘ढोलाचा ताल मधेच थांबवला. पहिल्या दोन वेळा तो खिडकीकडे बघत राहिला. तिसऱ्या वेळी ढोलावर हात ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि मी सुरू करेपर्यंत हात उचलला नाही.’ हे वाचून ऑक्युपेशनल थेरपिस्ट दुसऱ्या दिवशी झोपाळा मधेच थांबवून बघेल आणि येऊन तुम्हाला सांगेल. एकत्र काम असं सुरू होतं, मीटिंगमध्ये नाही. त्यातही संगीताची परिभाषा टाळा. मात्रा, पट्टी, आवर्तन तुमच्या वहीत राहू दे.

वाद्यं थोडी घ्या: एक मोठा ढोल, एक डफ, खुळखुळे, झायलोफोन, आणि तुमच्या हातात बसलेलं एखादं सुरांचं वाद्य. लहान मुलं सगळं तोंडात घालतात, तेव्हा पुसून स्वच्छ होईल तेच आणा; फुंकून वाजवायचं वाद्य दोघांत वाटू नका. झांज शेवटी. आवाजाला बुजणारं मूल एका झांजेने महिनाभर खोलीत यायचं नाही.

खोलीची भिंत मात्र आधी तपासा. पलीकडे मानसशास्त्रज्ञ कोणाचं दुःख ऐकून घेत असेल आणि इकडे तुमचा ढोल, तर तुमची सगळी विद्या फुकट. वेळापत्रक तिच्याबरोबर बसून लावा. तसंही तिची गरज पडणार आहे. एखाद्या सुराने माणूस अचानक रडू लागतो. तेव्हा पुढे कोणी सांभाळायचं हे आधी ठरलेलं बरं.

पहिल्या भेटीच्या फॉर्ममध्ये फिट्स येतात का, श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू यावं म्हणून शस्त्रक्रियेने कानात बसवलेलं यंत्र) आहे का, कोणत्या आवाजाचा त्रास होतो, हे विचाराच. संगीत ऐकून फिट येणारे रुग्ण विरळा, पण असतात.

फीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी इतरांच्या सेशनइतकीच घ्या. पहिले काही महिने फुकट येते म्हणालात तर पुढे ते बदलणं फार अवघड जातं. आणि प्रतीक्षागृहात गाणी लावायचं काम आलं तर खुशाल लावून द्या, फक्त बाहेरच्या पाटीवर त्याला उपचार म्हणू देऊ नका.