कांद्याचा निर्णय कुठल्या टेबलावर होतो?

सानपाडा, नवी मुंबई

प्रिय,

तुझी उन्हाळ्यातली इंटर्नशिप पक्की झाली, हे वाचून फार आनंद झाला. ठाण्यात वाढलेली, अर्थशास्त्र शिकणारी मुलगी आपणहून शेतीधोरण आणि जनवकिलीकडे, म्हणजे लोकांच्या वतीने सरकारदरबारी बाजू मांडण्याकडे वळते, याचं मला अप्रूप आहे. जायच्या आधी काय वाचू, असं तू विचारलंस. वाचायची यादी ऑफिसात मिळेलच. मी तुला एक काम सांगते. कांद्याची एक हिशोबपट्टी, म्हणजे माल विकल्यावर शेतकऱ्याला मिळणारा हिशोबाचा कागद, मिळव आणि तिच्यावरचा प्रत्येक आकडा कुठून आला, हे या दोन महिन्यांत शोधून काढ.

त्यासाठी लांब जायला नको. ठाण्याहून वाशीची लोकल पकड, सानपाड्याला उतर आणि बाजार समितीत ये. कांदा-बटाटा, भाजीपाला, फळ, मसाला आणि धान्य असे पाच बाजार इथे आहेत. तू येशील तेव्हा फळ मार्केटमध्ये हापूसच्या पेट्यांच्या थप्प्या लागलेल्या असतील, पाय तिकडेच वळतील. पण आधी कांद्याकडे जा. सरकारी निर्णयांचे जेवढे फटके कांद्याने खाल्लेत, तेवढे दुसऱ्या कुठल्या भाजीने खाल्ले नसतील.

पट्टीवर सुरुवातीला गाळा नंबर, शेतकऱ्याचं नाव, गाव. त्याखाली गोण्या, वजन, भाव. एकाच शेतकऱ्याच्या मालाला दोन-तीन भाव लागलेले दिसतील, कारण मोठ्या मालाचा भाव वेगळा, मध्यमचा वेगळा आणि गोल्टीचा, म्हणजे बारीक कांद्याचा, त्याहून वेगळा. मग वजावट सुरू होते. मोटारभाडं, मग हमाली, तोलाई, वाराई या माल उतरवण्या-मोजण्याच्या मजुऱ्या, आधी घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम. एवढं सगळं जाऊन तळाशी जी रक्कम उरते, तिच्यातून त्याला रोपं, खत, लागवडीची आणि काढणीची मजुरी भागवायची असते. बहुतेकांचा माल थोडा असतो. २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे महाराष्ट्रात एका खातेदाराची सरासरी जमीन १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. गाडी पूर्ण भरायची नाही आणि भाड्याचा वाटा मात्र अंगावर येतो, हे मोटारभाड्याच्या ओळीवरून तुला लगेच कळेल.

आता प्रत्येक ओळीपुढे थांब आणि विचार, हे पैसे कापायचा अधिकार कुणी दिला? २०१६ साली राज्याने फळं-भाजीपाला, त्यात कांदा-बटाटाही, बाजार आवाराबाहेर नियमनमुक्त केला, म्हणजे तो समितीबाहेर विकायची मोकळीक दिली. आडत, म्हणजे माल विकून देणाऱ्या आडत्याचं कमिशन, शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची, असंही तेव्हा ठरलं. मग तुझ्या हातातल्या पट्टीवर आडत आहे का? नसेल, तर दुसऱ्या कुठल्या नावाने तेवढीच रक्कम गेली आहे का? हे शोधायला पीएचडी लागत नाही. चिकाटी लागते, आणि एकाऐवजी पंचवीस पट्ट्या लागतात.

सगळ्यात कठीण रकाना भावाचा. त्याच्यामागचा माग काढताना तू सानपाड्याहून थेट दिल्लीला पोचशील. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं. ते अर्थ मंत्रालयाचं काम. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातच बंद झाली. ती अधिसूचना विदेश व्यापार महासंचालनालयाची, म्हणजे वाणिज्य मंत्रालयाची. ३१ मार्च २०२४ पर्यंत म्हणून आणलेली बंदी पुढे वाढवली गेली आणि मे २०२४ च्या सुरुवातीला उठली, तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवूनच. सप्टेंबरमध्ये किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही हटलं. बफर साठ्यासाठी, म्हणजे भाव चढल्यावर बाजारात सोडायच्या राखीव साठ्यासाठी, नाफेड आणि एनसीसीएफ या राष्ट्रीय सहकारी संस्था कांदा खरेदी करतात, तो विषय ग्राहक व्यवहार विभागाचा. बाजार समितीचा कायदा १९६३ चा, तो राज्याच्या पणन विभागाकडे. हमीभाव जाहीर होतो २२ पिकांना, त्यात कांदा नाही.

कांदा एकच, पण टेबलं एवढी. आणि यातलं केंद्रीय कृषी मंत्रालयाच्या सहीने ठरणारं फार थोडं आहे. तरीही निवेदनांवर निवेदनं जातात ती कृषिमंत्र्यांच्या नावाने. फोटो निघतो, पोच मिळते, कागद फाइलला लागतो. जनवकिलीत निम्मी ताकद अशी चुकीच्या दारात वाया जाते आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्या निवेदनांवर सह्या करायला लोक मजुरी बुडवून आलेले असतात.

ग्राहक व्यवहार विभागाने शहरातल्या घराची चिंता करू नये, असं मी म्हणणार नाही. ते त्याचं कामच आहे. कांदा महागला की माझ्या इमारतीत घरकामाला येणाऱ्या बायकांच्या डब्यातून तो आधी नाहीसा होतो, हे मी पाहते. माझं म्हणणं एवढंच की, भाव चढला की एका रात्रीत हलणारी यंत्रणा आहे आणि भाव पडला की तेवढ्याच वेगाने हलणारी यंत्रणा नाही. तुझ्या कामाचा खरा विषय मला इथे दिसतो.

शासन निर्णय वाचायला शिक. मराठीतच वाच. 'वाचा' म्हणून आधीच्या निर्णयांची जी यादी असते, ती सोडू नकोस, सगळा इतिहास तिथे असतो. मग शेवटची 'प्रति' पाहा. कोणाकोणाला प्रत गेली यावरून अंमलबजावणी कुणाच्या गळ्यात पडली ते समजतं, आणि कुणाला गेली नाही यावरूनही बरंच समजतं. त्याच यादीत त्या विभागाच्या कार्यासनाचाही, म्हणजे तो विषय हाताळणाऱ्या डेस्कचाही उल्लेख असतो. मंत्रालयात फोन करताना विभागाचं नाव सांगून भागत नाही, कार्यासन सांगता आलं की समोरचा माणूस नीट बोलतो.

माहितीचा अधिकार वापरायचा असेल तर पहिल्याच आठवड्यात अर्ज टाक. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, अपिलात गेलीस तर आणखी वेळ जातो. इंटर्नशिप दोन महिन्यांची आहे, तेव्हा 'आधी विषय समजून घेते, मग अर्ज करते' हे परवडणार नाही. आणि मागताना मोघम मागू नकोस. 'वाराईची माहिती द्यावी' असं लिहिलंस तर चार ओळींचं पत्र हातात पडेल. दर ठरवणाऱ्या ठरावाची तारीख आणि प्रत माग.

आडत्यांकडेही जा, आणि भांडायला जाऊ नकोस. सकाळची गर्दी ओसरली की गाळ्यावर बस, चहा घे. तो सांगेल की मुलीच्या लग्नाला, औषधपाण्याला, बियाण्याला शेतकऱ्याला उचल कोण देतं, बँक देते का? प्रश्न खरा आहे. त्या उचलीमुळे शेतकरी त्याच गाळ्याला बांधला जातो, हेही तितकंच खरं आहे. दोन्ही लिही. माथाडींना, म्हणजे गोण्या वाहणाऱ्या हमालांना, विसरू नकोस. १९६९ चा माथाडी कायदा त्यांचे नेते अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून आला. गोणी पन्नास किलोपेक्षा जड नसावी ही माथाडींची मागणी आजही पाठीच्या दुखण्यातून येते. हमाली कमी करा, असं नुसतं लिहून मोकळी झालीस तर एका कष्टकऱ्याच्या खिशातून काढून दुसऱ्याला दिल्यासारखं होईल.

शेतकरी संघटनेचे शरद जोशी परदेशातली नोकरी सोडून आले आणि चाकणजवळ आंबेठाणला स्वतः शेती करून त्यांनी उत्पादन खर्चाचा हिशोब मांडला. चाकणचं कांद्याचं आंदोलन त्यानंतरचं. त्यांचे सगळे निष्कर्ष मला पटतात असं नाही, खुल्या बाजारावर त्यांचा जेवढा विश्वास होता तेवढा माझा नाही. पण आधी हिशोब आणि मग घोषणा, हा क्रम तू त्यांच्याकडून जरूर घे.

वेळ उरला तर तुझ्याच जिल्ह्यात मुरबाड-शहापूरला जा. तिथे भात आहे, भाताला हमीभाव आहे, आदिवासी विकास महामंडळाची खरेदी केंद्रंही आहेत. मग सातबाऱ्यावर पिकाची नोंद नसलेल्या बाईचा भात व्यापाऱ्याकडे का जातो, ते तिच्या ओट्यावर बसून ऐक. तो स्वतंत्र विषय आहे, या उन्हाळ्यात पुरा होणार नाही.

शेवटी तुझ्याकडून अहवाल मागतील, चाळीस पानांचा. तो दे. पण त्याआधी एका पानाची टिपणी तयार कर, आणि ती एकाच टेबलासाठी असू दे. काय चाललं आहे, कुठल्या नियमाने चाललं आहे, त्या टेबलावरच्या माणसाला स्वतःच्या अधिकारात काय बदलता येईल, एवढंच. त्याला जे करता येत नाही ते त्याच्याकडे मागू नकोस. पावसाळी अधिवेशन तुझी इंटर्नशिप संपता संपता येतं, तेव्हा एखाद्या आमदाराच्या सहायकाला हे पान वेळेत मिळालं तर त्यावरून तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, निघू शकतो. प्रश्न तूच लिहून दे, त्यांना तेवढा वेळ नसतो.

ज्यांच्या पट्ट्या घेशील त्यांची नावं आणि गावं कुठल्याही कागदावर झाक. त्यांना परत त्याच गाळ्यावर माल घालायचा आहे. आणि टिपणी कुणाकडेही देण्याआधी त्यांना फोन कर, मराठीत वाचून दाखव, आकडा चुकला असेल तर ते सांगतील. मूळ पट्ट्या घेतल्या असशील तर फोटो काढून त्याच दिवशी परत दे, कर्जाच्या कामाला त्यांना लागतात.

पहिली पट्टी मिळाली की मला पाठव, आपण दोघी बसून वाचू.

तुझी,
ताई