नवी रॅम लावली अन् डिस्प्ले गेला

प्रश्न : नाना, चोपड्यात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. डेस्कटॉप २०११ चा, इंटेलचा जी४१ मदरबोर्ड, रॅम २ जीबी डीडीआर३. ब्राउझरमध्ये चार टॅब उघडले की हँग होतो. ४ जीबीची नवी रॅम आणून लावली तर डिस्प्लेच येत नाही, नुसती बीप वाजते. जुनी लावली की चालू होतो. दुकानदार म्हणतो, बोर्ड गेला, नवा घ्या. काय करू?

उत्तर : भाऊ, बोर्ड बदलू नका. जुन्या रॅमवर चालतोय म्हणजे तो गेलेला नाही.

नवी रॅम हातात घ्या आणि तिच्यावरच्या काळ्या चिप मोजा. माझा अंदाज, एकाच बाजूला आठ असतील आणि मागची बाजू कोरी. म्हणजे एकेक चिप ५१२ एमबीची. जी४१ ला २५६ एमबीपर्यंतचीच चिप कळते. तुम्हाला दोन्ही बाजूंना आठ-आठ, अशा सोळा चिपची ४ जीबी रॅम हवी. लेबलवर बहुधा '२आर×८' छापलेलं असतं. सोळा चिप दिसल्या तरी लेबलवर 'एएमडी' (इंटेलची स्पर्धक कंपनी) लिहिलेली स्वस्तातली रॅम घेऊ नका, ती इंटेलच्या बोर्डावर चालत नाही.

हे मी फार उशिरा शिकलो. यावलच्या एका केळी व्यापाऱ्याचा असाच बोर्ड मी 'गेला' म्हणून बदलायला लावला होता. पुढे तोच बोर्ड सोळा चिपच्या रॅमवर माझ्याच टेबलावर सुरू झाला. त्यांना नको तो खर्च मी करायला लावला, याचं आजही वाईट वाटतं. म्हणून तुम्हाला एवढं खोलात सांगतोय.

रॅमचा वेग १३३३ की १६००, याची काळजी करू नका. १६०० ची घेतली तरी बोर्ड ती त्याला झेपेल त्या वेगानं चालवतो. आधीच्या पिढीची डीडीआर२ रॅम मात्र चुकून घेऊ नका. पिना तिलाही २४०च, पण खाच वेगळ्या जागी असते आणि व्होल्टेज १.८, डीडीआर३ चं १.५. स्लॉटमध्ये सहज बसली नाही तर दाबू नका.

लावण्याआधी स्लॉटमधली धूळ ब्रशनं काढा, रॅमच्या पिनांवरून खोडरबर हलक्या हातानं फिरवा. कापसाच्या दिवसांत आपल्याकडे सीपीयूत केवढा तंतू जमतो, ते झाकण उघडलं की दिसेलच.

या बोर्डाला जास्तीत जास्त ८ जीबी चालते, म्हणजे ४ च्या दोन. पण आधी विंडोज ३२ बिट आहे का ते बघा. असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम ते वापरणारच नाही, ६४ बिट टाकावं लागेल. जळगावला गोलाणी मार्केटमध्ये जाल तेव्हा सीपीयू सोबत न्या, तिथेच लावून डिस्प्ले बघा आणि मगच पैसे द्या.