गोव्यात वायनरी शोधू नका, पाहुण्यांना काजूच्या भाटीवर न्या

ताई, तुम्ही विचारलंय की मार्चअखेर पुण्याहून दीर-जाऊ मुलांना घेऊन येतायत, त्यांना द्राक्षांची तोडणी आणि वायनरी दाखवायचीय तर म्हापशाहून कुठली जवळ पडेल, आणि सोबत सासूबाई असताना ते बरं दिसेल का.

तर पहिलं म्हणजे गोव्यात द्राक्षमळे नाहीतच. दुकानात इथल्या पोर्ट वाईनच्या बाटल्यांची रांग बघून भल्याभल्यांचा गैरसमज होतो, पण ती द्राक्षं घाटावरून येतात, महाराष्ट्र-कर्नाटकातून. द्राक्षाला फळ भरताना कोरडी हवा आणि थंड रात्री लागतात, आपल्याकडे जानेवारीतसुद्धा पापड वाळायला दोन दिवस घेतात. तोडणी बघायचीच असेल तर नाशिक, तिकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात छाटणी होते आणि जानेवारी ते मार्च तोडणी, आणि तीही भल्या पहाटे, कारण उन्हात तापलेली द्राक्षं वाईनला चालत नाहीत. म्हणजे मार्चअखेर तिथेही बहुतेक आटोपत आलेलं असतं. आणि पुण्याच्या माणसाला नाशिक सोडून द्राक्षांसाठी गोव्यात आणायचं म्हणजे काखेत कळसा नि गावाला वळसा. पुढच्या वर्षी तुम्हालाच जायचं झालं तर मडगावहून मंगला एक्स्प्रेस थेट नाशिकरोडला जाते, फेब्रुवारीत जा.

पण तुमचे पाहुणे ज्या दिवसांत येतायत तो आपल्याकडचा ऐन काजूचा सीझन आहे हो! फेब्रुवारीअखेर सुरू होतो तो मे पर्यंत, आणि मार्च-एप्रिलमध्ये वाळपईच्या पुढे गाडीची काच खाली केली की वासावरूनच कळतं भाटी, म्हणजे काजूच्या रसापासून फेणी ही दारू गाळायची भट्टी, कुठे पेटलीय ते. वायनरीत जे बघायला लोक पैसे मोजतात ते सगळं इथे आहे, फळ गोळा करणं, तुडवणं, आंबवणं, चाखणं, वर डोळ्यांसमोर ऊर्ध्वपातन, जे वायनरीत नसतंच.

सकाळी लवकर पोचा, आठच्या आत. फेणीसाठी बोंडू, म्हणजे बीच्या वरचं काजूचं रसाळ फळ, झाडावरून काढत नाहीत, पिकून आपोआप खाली पडलेलेच घेतात, त्यामुळे बायामाणसं पहाटेच बागायतीत शिरलेली असतात, हातात टोकाला खिळा लावलेली काठी, बोंडू टोचला की बादलीत. मग बसून बी पिळून वेगळी करायची. हे काम मुलांना करू देत असतील तर करू द्या, पण कच्ची बी दाताने फोडू देऊ नका, सालातल्या तेलाने ओठ-जीभ भाजते, खरंच भाजते.

तुडवणं अजून काही ठिकाणी पायाने दगडी कुंडीत होतं, बऱ्याच ठिकाणी आता मशीन आलंय. मशीन दिसलं म्हणून पाहुण्यांनी नाक मुरडू नये, भाटीवाल्याला रोज ढिगाने बोंडू संपवायचे असतात, फोटोसाठी नाही. रस पिंपात तीन-एक दिवस आपोआप आंबतो, त्यात यीस्ट वगैरे काही घालत नाहीत, मग तांब्याच्या भांड्यात घालून खाली लाकडं. तोंड मातीने लिंपून बंद केलेलं असतं, वाफ नळीतून गार पाण्यातून जाते आणि दुसऱ्या बाजूने धार सुरू होते. पहिल्यांदा निघतो तो हुर्राक, साधारण १५ टक्के अल्कोहोलचा, तो पुन्हा आंबलेल्या रसात मिसळून गाळला की फेणी, ४२-४३ टक्क्यांची. आग जास्त झाली की माल करपट लागतो, म्हणून भाटीवाला गप्पा मारत असला तरी नजर जाळावर असते. त्या वेळी त्याला प्रश्न विचारू नका, धार बदलायच्या वेळी तर अजिबातच नाही.

काजू फेणीला २००९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, २०१६ मध्ये सरकारने हेरिटेज ड्रिंक ठरवलं, हे सगळं छान आहे, पण माझ्या मते बघण्यासारखा आहे तो हुर्राकच. फेणी बारा महिने बाटलीत मिळते, हुर्राक सीझनपुरताच. लिम्का, मीठ, लिंबू आणि उभी चिरलेली हिरवी मिरची, बास. गोड लागतो म्हणून दीर पाण्यासारखा पितील, त्यांना आधीच सांगून ठेवा, आणि गाडी चालवणाऱ्याने घ्यायचा नाही.

जागा म्हणाल तर म्हापशाहून डिचोली-साखळी करत सत्तरीत जा, तिकडे भाट्या भरपूर. दक्षिणेत सांगे, काणकोण. अचानक जाऊन उभं राहू नका, बागायतीचे झोन अबकारी खात्याच्या लिलावात घेतलेले असतात, भाटीही परवान्याची असते, अनोळखी माणसं कॅमेरे घेऊन आली की त्यांना उगाच धाकधूक. गावातल्या ओळखीने आदल्या दिवशी फोन करा, आणि निघताना एखादी बाटली विकत घ्या, फुकट चाखून परत येणं बरं दिसत नाही. ओळखच नसेल तर कुंकळ्ळीला फाझेंदा काझुलोमध्ये बुकिंग करून फेणी टेस्टिंग होतं, ते नीटनेटकं आहे पण भाटीची मजा नाही. बाटल्या पुण्याला न्यायच्या असतील तर परमिट करून घ्या, गोवा-महाराष्ट्र हद्दीवरच्या पत्रादेवीच्या नाक्यावर दीर-जाऊंची रदबदली करायला तुम्हालाच धावावं लागेल.

आता सासूबाई. त्यांना बिनधास्त न्या, त्यांच्यासाठी आणि मुलांसाठी निरो आहे. तुडवलेल्या बोंडूंच्या चोथ्यावर वजन ठेवलं की खाली थेंब थेंब गळतो तो, अजून आंबलेला नसतो, नुसता फळाचा रस. मात्र सकाळीच प्यायचा, दुपारपर्यंत तो आंबायला लागतो आणि मग घोटाळा. घशाला थोडा खाजरा लागतो, चिमूटभर मीठ टाकलं की बरं वाटतं. सासूबाईंना झाडाखाली खुर्ची मागा, देतात. आणि सगळ्यांना जुने कपडे घालायला सांगा, काजूच्या रसाचा डाग कुठल्याही पावडरीने जात नाही, जाऊबाईंना तर आधीच सांगा, त्या पांढरा कुर्ता घालून येतील.