झटक्यानंतरचा ‘नॉर्मल’ रिपोर्ट

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय 52) गेल्या महिन्यात हृदयविकाराचा झटका आला आणि त्याच दिवशी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. पाचव्या दिवशी केलेल्या रक्ततपासणीत एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) 92, एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) 31 आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबीचा एक प्रकार) 210 आले. तरीही त्यांना अॅटोरव्हास्टॅटिन 80 मिलिग्रॅमची गोळी रोज घ्यायला सांगितली आहे. कोलेस्टेरॉल वाढलेले नसताना एवढा मोठा डोस घेतला तर लिव्हर खराब होईल, असे आमचे एक नातेवाईक म्हणतात. गोळी बंद करावी का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : गोळी कृपया बंद करू नका. तुमच्या प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘पाचव्या दिवशी’ हा आहे. झटक्यामुळे शरीरात दाह सुरू होतो, आणि त्या दिवसांत रक्तातले एलडीएल साधारण 24 तासांनंतर उतरू लागते, ते पूर्वपदावर यायला कित्येकदा दीड-दोन महिने लागतात. म्हणूनच लिपिड तपासणी (रक्तातील चरबीची तपासणी) दाखल झाल्यापासून 24 तासांच्या आत करावी असे सांगितले जाते. शिवाय स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध; अॅटोरव्हास्टॅटिन हे त्यांपैकीच एक) पहिल्या दिवसापासून सुरू असेल, तर पाचव्या दिवसापर्यंत त्याचाही परिणाम दिसू लागतो. वडिलांचे झटक्यापूर्वीचे एलडीएल 92 पेक्षा बरेच जास्त असण्याची शक्यता आहे. एखादा जुना रिपोर्ट घरात असेल तर तो अवश्य शोधा.

पण ते खरोखरच 92 असते तरी माझे उत्तर बदलले नसते. अमेरिकेत 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत हृदयधमन्यांच्या आजारासाठी दाखल झालेल्या जवळपास निम्म्या रुग्णांचे एलडीएल 100 च्या आत होते. प्रयोगशाळेच्या कागदावर छापलेली मर्यादा निरोगी माणसांसाठी असते. झटका येऊन गेलेल्या रुग्णाचे एलडीएल 55 च्या खाली, आणि मूळ आकड्याच्या निम्म्याहून कमी, आणावे असे युरोपीय हृदयरोग संघटनेचे मार्गदर्शन आहे. स्टॅटिन धमनीतल्या चरबीच्या थराला स्थिर करते, त्यामुळे तो पुन्हा फुटण्याचा धोका कमी होतो. झटक्यानंतरचे पहिले काही महिने सर्वाधिक जोखमीचे असतात, आणि नेमक्या त्याच काळात शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सल्ल्याने गोळी सुटते, याचे मला फार वाईट वाटते.

लिव्हरला गंभीर इजा होणे अत्यंत विरळ आहे. स्नायू सतत दुखत असतील किंवा लघवी गडद रंगाची होत असेल, तर मात्र डॉक्टरांना लगेच कळवा. चार ते सहा आठवड्यांनी लिपिड आणि लिव्हरची तपासणी करून घ्या; एलडीएल तरीही खाली आले नसेल, तर इझेटिमाइब हे कोलेस्टेरॉल कमी करणारे दुसरे औषध जोडता येते. एचडीएल कमी आणि ट्रायग्लिसराइड जास्त हे चित्र आपल्याकडे मधुमेह व पोटाच्या घेरासोबत वारंवार दिसते, म्हणून वडिलांचे एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर) तपासलेले नसेल तर तेही तपासा.

आणखी एक. पुरुषाला 55 च्या आत झटका येतो, तेव्हा घरात आनुवंशिक दोष असू शकतो. वडिलांच्या रक्तातील लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच, बहुतांशी आनुवंशिक असणारा चरबीचा कण) एकदा मोजून घ्या, आणि तुमची व भावंडांची लिपिड तपासणीही याच महिन्यात करा.