सायन्स फिक्शनमधली सगळ्यात भारी हिरॉईन कोण?

माझं मत डोळे झाकून रिप्लीला, १९७९ च्या 'एलियन'मधली. सोलापुरातल्या मे महिन्याच्या दुपारी मित्राकडं कूलरपुढं बसून बघितलेला, तरी दरदरून घाम फुटला. गंमत म्हणजे मूळ स्क्रिप्टमध्ये कुठलं पण पात्र बाई किंवा पुरुष कुणीही केलं तरी चालेल असं लिहिलेलं, म्हणूनच की काय ती हिरोची वाट बघत किंचाळत बसत नाही, आधी नियम सांगते, कुणी ऐकत नाही आणि शेवटी तीच वाचते (मांजरासकट!). १९८६ च्या दुसऱ्या भागासाठी रिप्ली करणाऱ्या सिगर्नी वीवरला ऑस्कर नॉमिनेशन पण मिळालं. सारा कॉनर पण आवडते, पण १९९१ च्या 'टर्मिनेटर २' मधली, पहिल्यात बराच वेळ नुसती पळतीय ओ.