‘सेन्सरी थेरपिस्ट’ व्हायचंय, कोणता कोर्स करू?

प्रश्न : मी साताऱ्यात बारावी सायन्सला आहे. माझ्या धाकट्या भावाला ऑटिझम आहे. कुकरची शिट्टी झाली की तो कान दाबून पळतो, काही कपडे अंगाला लावूनच घेत नाही. थेरपीत एक ताई त्याला झोपाळ्यावर बसवतात, ते बघून मलाही हेच काम करावंसं वाटतं. ‘सेन्सरी थेरपी’चा सहा महिन्यांचा ऑनलाइन कोर्स करून सेंटर काढता येईल का?

उत्तर : नाही. फी भरली नसशील तर भरू नकोस. भावाला झोपाळ्यावर बसवणाऱ्या ताईंना त्यांची डिग्री विचार. बहुतेक ती बीओटीएच, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीची (रोजची कामं जमावीत म्हणून दिल्या जाणाऱ्या थेरपीची) असेल. तू ज्याला ‘सेन्सरी थेरपी’ म्हणतेस/म्हणतोस त्या सेन्सरी इंटिग्रेशनची, म्हणजे आवाज, स्पर्श अशा संवेदना मेंदूला नीट जुळवता याव्यात या विचाराची मांडणी जीन एअर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टचीच. त्याचे कोर्स असतात, पण ते डिग्रीनंतर करायचे.

आपल्याकडे ऑक्युपेशनल थेरपीचं पहिलं कॉलेज कमलाबाई निंबकरांनी १९५० साली मुंबईत केईएममध्ये सुरू केलं. तिथे, सायनला आणि नागपूरच्या सरकारी मेडिकलमध्ये हा कोर्स आहे. इंटर्नशिप धरून साडेचार-पाच वर्षं लागतात. प्रवेश नीटच्या मार्कांवर, सीईटी सेलकडून. नीट म्हणजे फक्त एमबीबीएस असं समजून दरवर्षी काही मुलं फॉर्मच भरत नाहीत, तसं करू नकोस. सीट नाहीच मिळाली तर बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींवर काम करायला शिकवणारा बीएएसएलपी किंवा स्पेशल एज्युकेशन बघ. या दोन्हींना मात्र आरसीआयची, म्हणजे केंद्राच्या पुनर्वसन परिषदेची, मान्यता तपासून घे.

आता कामाबद्दल. एका सेंटरमध्ये मी पाहिलं, पाच वर्षांचा मुलगा मोजा घालेना. आई वैतागलेली. थेरपिस्टने मोजा उलटा केला, बोटांवरची शिवण बाहेर आली, आणि पोराने तो मुकाट घातला. मला ही थेरपी झोपाळ्यापेक्षा जास्त पटली. मुलाला बदलण्याआधी मोजा बदलून बघायचा. झोपाळ्याचा नेमका किती उपयोग होतो यावर तज्ज्ञांत अजून वाद आहेत. अभ्यासात ते शिकशीलच. पण ‘ऑटिझम बरा करतो’ अशी पाटी लावणाऱ्या सेंटरमध्ये पुढे नोकरीसुद्धा धरू नकोस.

आणखी एक. भावासाठी म्हणून हे क्षेत्र निवडत असशील तर जरा थांब. तू शिकून बाहेर पडेपर्यंत तो बराच मोठा झालेला असेल आणि तुझ्यासमोर रोज दुसऱ्यांची मुलं असतील. सुट्टीत त्या ताईंना विचारून, पालकांची हरकत नसेल तर, दोन-तीन दिवस कोपऱ्यात बसून बघ. भावाच्या वेळेला नको, इतर मुलांच्या. काय वाटलं ते मला कळव. नीटचा फॉर्म मात्र त्यासाठी अडवून ठेवू नकोस.